तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी खाली किती घेऊ?

आमच्या इंदूरला सानंद संस्थेचं नाटक सुटलं की पार्किंगमध्ये कुणीतरी गाठतंच. नाटकाबद्दल एखादं वाक्य होतं, मग नजर माझ्या पोलोच्या चाकांकडे वळते, आणि मग तो प्रश्न येतो. "दादा, सस्पेन्शनला काय घालू? रोज ऑफिसला जायचंय, वर्षातून दोनदा ट्रॅकवर न्यायचीय. आणि खाली किती घेऊ?" परवा रामबागेतल्या एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या मुलाने हेच विचारलं. मठ्ठा आला, जिलबी दोनदा फिरून गेली, तरी माझं उत्तर संपेना. उभ्या उभ्या किंवा जेवता जेवता सांगण्यासारखं ते नाहीच, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

खाली किती घेऊ, म्हणजे गाडीची उंची किती कमी करू, हा प्रश्नच मुळात उलटा आहे. चाकाला वर जायला जागा किती उरेल, ते आधी विचारा. मला हे कळायला दोन स्प्रिंगसेट आणि एक गणेशोत्सव खर्ची पडला.

माझी गाडी पोलो जीटी टीएसआय. 1.2 लिटरचं टर्बो इंजिन, 105 पीएस, सात गिअरचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. सेकंडहँड घेतली, तेव्हा मूळ शॉकरच साठ हजार किलोमीटर चाललेले होते. (इंदूरला शॉकर म्हणतात, पुण्याच्या भाचरांना शॉकअप म्हटल्याशिवाय कळत नाही.) मी त्याच थकलेल्या शॉकरांवर 35 मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा चढवल्या. चाक आणि मडगार्ड यांच्यातली फट गेली, गाडी दिसायला अशी झाली की सुपर कॉरिडॉरवर दोनदा थांबून फोटो काढले. आठवडाभर फार छान गेला.

मग गणपती आले. रामबागेतून मूर्ती घेतली, बायको पुढच्या सीटवर, मांडीवर पाट, पाटावर बाप्पा, मागे आई. आमच्या कॉलनीतले ब्रेकर रहिवाशांनी स्वतःच्या बुद्धीने बांधलेत, एकाची उंची दुसऱ्याला नाही. पहिल्यावर गाडी चढली, उतरताना खाली 'धप्प' असा आवाज झाला आणि तिघांचेही दात एकमेकांवर आपटले. दुसऱ्या ब्रेकरच्या आधी बायको म्हणाली, "थांबवा." उतरली आणि पाट हातात घेऊन चालत घरी निघाली. आई मागून म्हणाली, "मलाही उतरव रे. या गाडीत बसलं की मणके मोजता येतात." मी रिकामी गाडी घेऊन मिरवणुकीच्या मागून घरी आलो.

तो 'धप्प' म्हणजे बंपस्टॉप. शॉकरच्या दांड्यावर वरच्या टोकाला एक रबरी किंवा फोमचा ठोकळा असतो. चाक फार वर गेलं की शॉकरची नळी त्या ठोकळ्याला टेकते. तिथून पुढे गाडी स्प्रिंगवर नसते, ठोकळ्यावर असते, आणि ठोकळा स्प्रिंगपेक्षा कितीतरी कडक.

रस्त्यावर हे गचक्यातून कळलं. ट्रॅकवर ते वेगळ्याच रूपात आलं आणि मी ते ओळखलंही नाही. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, 5.125 किलोमीटर. 2011 ते 2013 इथे फॉर्म्युला वन झाली. त्यात दहा-अकरा क्रमांकाचं उजवं वळण लांबच लांब आहे, संपतच नाही. त्या वळणात गाडीचा सगळा भार पुढच्या डाव्या चाकावर येतो आणि तसाच राहतो. अर्ध्या वळणापर्यंत गाडी छान वळायची आणि मग एकाएकी नाक बाहेर. स्टिअरिंग आणखी वळवलं तरी तेच. मला वाटलं टायर कमी पडतायत, हवा वाढवली. आणखी बिघडलं. खरं कारण असं की भार वाढता वाढता डावा शॉकर ठोकळ्याला टेकत होता. त्या क्षणी पुढची बाजू अचानक दगडासारखी कडक व्हायची, सगळं ओझं एका टायरवर जायचं आणि तो सुटायचा. ट्रॅक तर गुळगुळीत, ब्रेकर नाही की खड्डा नाही, मग शंका तरी कशी यावी.

हे शोधून दिलं आमच्या मेकॅनिकने, म्हणजे उस्तादने, दोन रुपयांच्या वस्तूने. गाडी चारही चाकांवर जमिनीवर उभी केली. स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकाच्या मागे हात घालायला जागा केली. शॉकरवरचं रबरी बूट वर सरकवलं, आत दांडा आरशासारखा चमकत होता. त्या दांड्यावर, नळीला अगदी चिकटून, त्याने वायर बांधायचा प्लॅस्टिकचा टाय घट्ट न करता, पण आपणहून घसरणार नाही इतपत आवळला आणि शेपूट कापून टाकलं. मग नळीपासून ठोकळ्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजलं. 31 मिलिमीटर. बाजूला दुसऱ्या गिऱ्हाइकाची मूळ स्प्रिंगवाली पोलो उभी होती, तिचंही मोजलं. 64. म्हणाला, आता चक्कर मारून या. गल्ल्यांतून रिंग रोडपर्यंत जाऊन आलो. नळी वर गेली की टाय दांड्यावर वर ढकलला जातो आणि तिथेच राहतो, म्हणजे चाक जास्तीत जास्त किती वर गेलं त्याची खूण. टाय ठोकळ्याला चिकटून बसला होता, चेपून चपटा झाला होता. उस्ताद हसला. "भिया, गाडी नहीं बैठी, आप बैठ गए."

आता थोडं गणित. कंटाळवाणं वाटलं तरी वाचा, कारण बाजारातली निम्मी किट या गणिताकडे पाठ फिरवून विकली जातात. चाक एका दणक्याने ठरावीक वेगाने वर उडालं. तो दणका पचवायला स्प्रिंगकडे जागा अर्धी असेल, तर स्प्रिंग दुप्पट कडक असून भागत नाही, चौपट लागते. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दबण्याच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून. माझी जागा 64 वरून 31 वर आली होती. म्हणजे स्प्रिंग सव्वाचार पट कडक हवी. माझ्या नव्या स्प्रिंगा होत्या सव्वा पट. तो 'चार' कुठे गेला, तर बायकोच्या दातांत.

मग सव्वाचार पट कडक घालावी का? गाडी सेकंदाला किती हेलकावे घेते, त्यावर तिचा स्वभाव ठरतो. घरगुती गाड्या साधारण सेकंदाला एक ते दीड, स्पोर्टी गाड्या दीड ते दोन, रेसच्या साध्या गाड्या दोन ते अडीच. पुढच्या एका चाकावर 300 किलो धरा. 1.3 हेलकाव्यांसाठी चाकाशी स्प्रिंग मिलिमीटरला दोन किलोची (दोन किलो भाराला एक मिलिमीटर दबणारी) लागते, 1.7 साठी साडेतीन आणि 2.2 साठी जवळजवळ सहा. सव्वाचार पट म्हणजे 1.3 वरून 2.7. त्या गाडीत आईला बसवलं तर ती मला घराबाहेर काढेल, आणि बरोबरच करेल. शिवाय खडबडीत रस्त्यावर इतक्या कडक गाडीचा टायर उड्या मारतो. हवेतल्या टायरला पकड नसते.

इंदूरच्या रस्त्यांची आणखी एक गंमत. खाली माळव्याची काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि वरचा डांबरी रस्ता काही वर्षांत लांब लांब लाटांसारखा होतो. खड्डा नाही, तडा नाही, पण ऐंशीच्या वेगात गाडी होडीसारखी डोलते. हे काम स्प्रिंगचं नाही, शॉकरचं. शॉकर ज्याला मंद वेग म्हणतो तो गाडीचा वेग नव्हे, दांड्याचा वेग. लाटेवर दांडा हळू सरकतो, ब्रेकरच्या कडेवर झटक्याने. चांगला शॉकर लाटेवर घट्ट आणि झटक्यात नरम असतो. थकलेला शॉकर दोन्हीकडे ढिला, आणि स्वस्तातला 'स्पोर्ट' शॉकर दोन्हीकडे दगड.

उलटं टोकही वाईट. अॅडजस्टेबल शॉकर घेतलेले काही लोक उसळी दाबणारा नॉब पूर्ण बंद करतात, गाडी छान 'टाइट' वाटते. मग ओळीने चार-पाच उंचवटे आले की दबलेली स्प्रिंग मोकळी व्हायच्या आत पुढचा दणका येतो, गाडी पायरीपायरीने खाली खाली जाते आणि शेवटी तीच ठोकळ्याची भेट. नॉब पूर्ण बंद करून तिथून क्लिक मोजत उघडायचा, एका वेळी एकच बाजू बदलायची आणि वहीत लिहून ठेवायचं. वही नसेल तर अॅडजस्टेबल घेऊ नका, पैसे वाया.

खाली घेतल्याने गाडी वळणात कमी कलते, ही समजूतही तपासून घ्या. आपल्या बहुतेक गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकर एकाच खांबावर, आणि चाकाला खालून धरणारा एक आर्म. गाडी फार खाली घेतली की खालचा आर्म आडवा न राहता चाकाकडे वर चढतो, आणि ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो. मधली तरफ लांबते. मग स्प्रिंग थोडी कडक असूनही गाडी पहिल्याइतकीच कलते, कधी जास्तही.

मग मी शेवटी काय केलं? टायर बदलले, तेही आधी. हा मुद्दा इतका जुना आहे की त्यावर आणखी लिहीत नाही. मग 18 मिलिमीटर खाली घेणाऱ्या, मूळपेक्षा दीडपट कडक स्प्रिंगा आणि त्यांच्यासाठीच बनलेले मोनोट्यूब शॉकर. हे 'त्यांच्यासाठीच' महत्त्वाचं. बिल्स्टाइनचंच पाहा. बी 6 मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी, बी 8 खाली घेतलेल्या गाडीसाठी, आखूड बांधणीचा. दुकानात दोन्ही पिवळेच दिसतात. मोनोट्यूबमध्ये तेल आणि दाबाखालचा वायू यांच्यामध्ये तरंगता पिस्टन असतो, त्यामुळे तेलाला फेस येत नाही, आणि एकच नळी असल्याने उष्णता थेट बाहेर जाते. मे महिन्यात ट्रॅकवर दहाव्या फेरीला हा फरक कळतो. ऑफिसला जाताना कळणार नाही. ट्रॅकवर जाणारच नसाल तर मूळ उंची ठेवून फक्त चांगले शॉकर घाला, खर्च निम्मा आणि समाधान नव्वद टक्के. हे ऐकून विचारणाऱ्यांचे चेहरे पडतात, माझा इलाज नाही.

अलाइनमेंटमध्ये पुढे कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आत झुकाव, उणे दीड अंशापर्यंत ठेवलाय. ट्रॅकला आणखी हवा असतो, पण रोज चालवायचं तर पुरे. टायर आतून खाल्ला की लोक कॅम्बरला शिव्या देतात, बहुतेक वेळा गुन्हेगार टो असतो, म्हणजे चाकांचं तोंड सरळ नसून आत किंवा बाहेर वळलेलं असणं.

एक मात्र डोळ्यांसमोर उभं राहून करून घ्या. पहिल्या वेळी एका चकचकीत गॅरेजात लोअर आर्मचे बोल्ट गाडी रॅम्पवर, चाकं लोंबकळत असतानाच आवळले. आर्मच्या सांध्यातला रबराचा बुश, ज्या स्थितीत आवळला, तिलाच आपली 'सरळ' स्थिती मानतो. गाडी खाली उतरली की तो कायमचा पिळलेला राहतो. चार महिन्यांत दोन्ही फाटले, खटखट सुरू झाली, आणि मला सांगण्यात आलं की रस्तेच असे आहेत. उस्ताद चाकाखाली ठोकळे देऊन, गाडीचं वजन चाकांवर आणून मगच शेवटचा पाना मारतो. त्याचं टॉर्क रेंच (बोल्ट नेमका किती आवळला ते दाखवणारा पाना) जुनाट आहे, पण ते आहे.

कायद्याचं एका ओळीत: मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये गाडीत फेरफार करण्यावर बंधनं आहेत, ते वाचा, आणि विमा कंपनीपासून लपवू नका.

पिथमपूरबद्दलही विचारतात. नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आपल्या अंगणात असताना नोएडाला कशाला? तर ते चाचणी केंद्र आहे, मनात आलं आणि गेलो असं नाही. आणि त्याची वळणं इतकी कललेली आहेत की ताशी 250 ला स्टिअरिंग धरावंही लागू नये. माझी पोलो जानापावच्या टेकडीवरून ढकलली तरी 250 गाठणार नाही. पण गाठलीच, तर त्या कललेल्या वळणात गाडी बाजूला नाही, खाली दाबली जाते. तिथेही चाकाला वर जायला जागा लागतेच.

यंदा बाप्पा गाडीतून आले. त्याच गल्लीतून, त्याच ब्रेकरांवरून, बायकोच्या मांडीवर, आई मागे. कुणी काही बोललं नाही. घरी पोचल्यावर मूर्ती आत गेली आणि मी चाकापाशी उकिडवा बसून बूट वर सरकवलं. टायपासून ठोकळ्यापर्यंत 17 मिलिमीटर शिल्लक होते. वहीत लिहीत होतो तोवर आई दारात आली, म्हणाली, "आरती थांबलीय. आधी हात धू."