बायकांचं ज्ञान वेगळं असतं का?

स्त्रीवादी तत्त्वज्ञान शिकवते म्हटलं की हा प्रश्न येतोच, बहुधा गालातल्या गालात हसत. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: साठच्या दशकाअखेरच्या ज्या अमेरिकन रॅडिकल (म्हणजे पुरुषसत्तेच्या मुळावरच घाव घालू पाहणाऱ्या) स्त्रीवाद्यांच्या नावावर ‘हो, वेगळं असतं’ हे उत्तर खपवलं जातं, त्यांचं भांडण वेगळंच होतं. जाणकार कोणाला धरायचं, याचं.

फेब्रुवारी १९६९. न्यूयॉर्कच्या गर्भपात कायद्यात सुधारणा करायची म्हणून सुनावणी भरली. समोर तज्ज्ञ बसलेले: चौदा पुरुष आणि एक बाई. ती बाईही नन! काही जणी मध्येच उठल्या आणि खऱ्या तज्ज्ञ आम्ही आहोत, आम्हाला विचारा, असं त्यांनी ठणकावलं. पुढच्याच महिन्यात ‘रेडस्टॉकिंग्ज’ या रॅडिकल स्त्रीवादी गटाने एका चर्चमध्ये जाहीर सभा घेतली. गर्भपात बेकायदा असताना बायका उभ्या राहून स्वतःच्या गर्भपाताविषयी बोलल्या.

हे धाडस जाणीवजागृती गटांतून आलं होतं. एक प्रश्न घ्यायचा, प्रत्येकीने आळीपाळीने स्वतःच्या आयुष्यातून उत्तर द्यायचं, मग सगळ्यांत समान काय निघतं ते शोधायचं. लोक याला भिशीतल्या गप्पा समजले. याच चळवळीतली कॅथी साराचाइल्ड मात्र याला संशोधनाची पद्धत म्हणत होती: बाईविषयी पुस्तकं काय सांगतात ते बाईच्या जगण्यावर तपासून घ्यायचं. मला हे पटतं. एकीचा अनुभव हा पुरावा नव्हे, हे मान्य. पण तिला विचारायचंच नाही, हीसुद्धा काही शास्त्रीय वृत्ती नव्हे.

अमेरिकन कायदेतज्ज्ञ कॅथरिन मॅकिननने पुढे याच पद्धतीला स्त्रीवादाची ज्ञानपद्धती ठरवलं. तटस्थ म्हणून मिरवणारी नजर सत्ता असलेल्या पुरुषाची असते, असं तिचं म्हणणं. इथे मी अर्ध्या वाटेपर्यंतच जाते. कारण जाणीवजागृती गटांच्या त्या खोल्यांमध्ये बहुतेक जणी गोऱ्या, शिकलेल्या होत्या आणि निघालेला निष्कर्ष मात्र ‘सर्व स्त्रियांचा’.

आपल्याकडे पुण्यात शर्मिला रेगे यांनी १९९८ साली नेमकं हेच बोट ठेवलं: सवर्ण स्त्रीचा अनुभव साऱ्या स्त्रियांचा म्हणून चालवला गेला. त्यांनी दलित स्त्रीवादी भूमिदृष्टी मांडली, म्हणजे दलित स्त्रियांच्या जागेवरून समाजाकडे पाहण्याची भूमिका.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला: मग जन्माने दलित स्त्री नसलेल्याला हे कळणारच नाही का? रेग्यांचं उत्तर मला आवडतं. ही भूमिका जन्माने आपोआप मिळत नाही. बिगर-दलित बाईलाही ती घेता येते. त्यासाठी दलित स्त्रियांचे लढे, त्यांचं लेखन वाचावं लागतं आणि स्वतःच्या सवलतींचा हिशेब मांडावा लागतो. पुरुषांनाही हाच अभ्यासक्रम.