पिता, स्वखर्चाने

रोमचे तीन दिवस रांगांत गेले. कोलोसियम पाहून बाबांनी एकच विचारलं, "याला पैसा कुणी दिला?" ज्यूंविरुद्धच्या युद्धातल्या लुटीतून बांधलं, असं मी सांगितलं. इ.स. 70 मध्ये जेरुसलेम पडलं, त्या लुटीतून. कोलोसियममधल्या शिलालेखाची कांस्याची अक्षरं केव्हाच गेली, पण ती बसवायची भोकं जुळवून अभ्यासकांनी 'लुटीतून' हा शब्द वाचलाय. बाबांचा चेहराच उतरला. मग दिवसभर ते गप्प होते.

त्यामुळे पॉम्पेईला, ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या रोमन गावाला, जाताना मला धाकधूक होती. नेपल्सहून लोकलने उभ्याने गेलो. आमच्या गाईडने कुंटणखान्याच्या रांगेत अर्धा तास घालवला आणि इसिस या इजिप्शियन देवीचं देऊळ मात्र "लहानसंच आहे" म्हणत मागे टाकलं. याचा राग अजून गेलेला नाही. आम्ही दोघं तिथेच थांबलो.

दारावर लेखाची प्रतिकृती आहे. भूकंपात कोसळलेलं हे देऊळ नुमेरियस पोपिडियस केल्सिनसने पायापासून स्वखर्चाने बांधलं. या औदार्याबद्दल नगरसभेने त्याला शुल्क न घेता सभासद केलं, तेव्हा तो सहा वर्षांचा होता.

"म्हणजे पैसे बापाचे," बाबा लगेच म्हणाले.

बापाचेच. तो आंप्लिआटस बहुधा गुलामीतून सुटलेला. असा माणूस कितीही श्रीमंत झाला तरी त्याला नगरसभेत बसता येत नसे; त्याच्या मुलाला येई. रोमन गावांतली कितीतरी कामं अशीच उभी राहिली. पद मिळालं की तिजोरीत ठरलेली रक्कम भरायची, नाहीतर गावाला काहीतरी बांधून द्यायचं. इथलं अॅम्फीथिएटरही इ.स.पू. 70च्या सुमारास दोन अधिकाऱ्यांनी पदरमोड करून बांधलं. मानासाठी का होईना, दिलं ते स्वतःचं. मला हा पैसा लुटीपेक्षा फार स्वच्छ वाटतो.

देवळाच्या मागच्या भिंतीत एक कोनाडा आहे. तिथे बाकस देवाची मूर्ती होती, बापाने दिलेली. तिच्यावर एवढंच कोरलं होतं: नुमेरियस पोपिडियस आंप्लिआटस, पिता, स्वखर्चाने.

"त्यांच्या भाषेत पिता म्हणजे काय?"

"पातेर."

"आपलंच की," बाबा म्हणाले. डोक्यावरची टोपी काढून ते रिकाम्या कोनाड्यासमोर उभे राहिले. गाईडचा फोन वाजत होता. मी उचलला नाही.