साडेपाच तासांचं भांडण

आमच्या हॉलमधलं घड्याळ बारा मिनिटं पुढे असतं. मुलांची शाळा चुकू नये म्हणून आईने कधीकाळी तसं लावलं. आता शाळेत जाणारं घरात कुणी नाही, बारा मिनिटं मात्र आहेत. जो तो वर बघतो, मनातल्या मनात बारा वजा करतो आणि निवांत चहा पितो. फसतात ते पाहुणे. मामा एकदा धापा टाकत स्टँडवर पोचले आणि पुढे पाऊण तास एसटीची वाट बघत बसले.

गेल्या महिन्यात मी लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. दोघं गुण्यागोविंदाने नांदतील असं वाटलं होतं. एके सकाळी लाइट गेली, वायफायही गेलं. दहा वाजता लिनक्स उघडलं, तर कोपऱ्यात दुपारचे साडेतीन! वेळ हाताने नीट केली. संध्याकाळी विंडोज उघडलं, तर ते साडेपाच तास मागे. ते सरळ केलं, की पुन्हा लिनक्स पुढे. सेल गेला असणार म्हणून मागचं झाकण उघडून आतला नाण्याएवढा सेल बदलला. फरक शून्य. खरं तर तेव्हाच ट्यूब पेटायला हवी होती. चूक दरवेळी बरोब्बर साडेपाच तासांची. पाच वीस नाही की पाच चाळीस नाही. दमलेला सेल इतका हिशेबी नसतो.

पुढच्या वेळी लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘टाइमडेटसीटीएल’ ही वेळ दाखवणारी आज्ञा मारली. तीन ओळी महत्त्वाच्या. लोकल टाइम : १५:३५. युनिव्हर्सल टाइम : १०:०५. आरटीसी टाइम : १०:०५. आणि हातातल्या मोबाइलवरही सकाळचे दहा वाजून पाच! म्हणजे आतलं घड्याळ आपली भारतीय वेळ अगदी चोख दाखवत होतं. लिनक्स तिला ग्रीनिचची समजून वर आणखी साडेपाच तास चढवत होतं.

लॅपटॉप बंद असतानाही चालणारं हे आतलं घड्याळ म्हणजे आरटीसी. सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा क्वार्ट्झचा स्फटिक, मनगटी घड्याळात असतो तसाच. त्याला आकडे ठाऊक असतात. ते कुठल्या गावचे, हे त्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. लिनक्स तिथे यूटीसी, म्हणजे ती ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक वेळ. दोघांचीही वजाबाकी-बेरीज आपापल्या जागी बरोबर. नेट चालू असलं की दोघंही बाहेर विचारून स्वतःला सावरतात, त्यामुळे घरातलं भांडण चव्हाट्यावर येत नाही. लाइट गेली की येतं.

मुंबईला हे नवं नाही. १९०६ साली देशाला एकच प्रमाणवेळ मिळाली, तरी शहरात ३९ मिनिटं मागे असलेला ‘बाँबे टाइम’ १९५५ पर्यंत तग धरून होता. तेव्हा कुणी ‘सहाला भेटू’ म्हणालं तर कुठल्या सहाला, हे विचारून घेतलेलं बरं असणार.

लिनक्सलाही स्थानिक वेळ वाचायला लावता येतं. लावून पाहिलं. ऐकतं, पण टाइमडेटसीटीएल मारलं की दरवेळी खाली लांबलचक इशारा छापतं. नव्या सुनेने म्हणावं, ‘तुम्ही म्हणता म्हणून करते, पण माझ्या मनात नाही हं.’ शेवटी विंडोजच्याच रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या सेटिंग्जच्या वहीत, एक नोंद घालून त्याला यूटीसी शिकवलं.

लिनक्सवर नेटवरून वेळ जुळवायला क्रोनी नावाचा प्रोग्राम बसवला. त्याचा स्वभाव मला फार आवडला. सुरुवातीलाच मोठी तफावत दिसली तर ते एक उडी मारून घेतं. पण नंतर घड्याळ थोडं पुढे गेलेलं सापडलं, तर काटे मागे ओढत नाही, चाल किंचित मंद करतं आणि खरी वेळ गाठू देतं. दोनदा तेच दहा वाजले, असं आतल्या कुठल्याच प्रोग्रामला दिसत नाही. माझ्या त्या साडेतीनच्या सकाळी सेव्ह केलेल्या फायलींवर मात्र भविष्यातल्या वेळा बसल्या होत्या, आणि फायलींच्या वेळा बघून प्रोग्राम बांधणारं ‘मेक’ चालवलं की ते कुरकुरत होतं : ही फाइल अजून व्हायची आहे.

या सगळ्याच्या उत्साहात रविवारी स्टुलावर चढलो आणि हॉलमधलं घड्याळही सेकंदाला सेकंद जुळवून टाकलं. कुणाला सांगायचं राहिलं.

सोमवारी बाबांनी वर बघितलं, बारा वजा केले, चहा घेतला. त्यांची सात चाळीसची बस गेली.