ठोकलेली गाडी स्वस्तात मिळतेय? आधी जोड बघा

ठोकलेल्या गाडीचे भाग दोन प्रकारचे: बोल्टवर बसलेले आणि वेल्ड केलेले. बंपर, बोनेट, पुढचे फेंडर, दरवाजे, डिकीचं झाकण बहुतेक गाड्यांत बोल्टवर असतात. ते कितीही चेपले तरी खोलून दुसरे बसवता येतात. चेसिस रेल (गाडीचा भार पेलणारे लांब आडवे दांडे), ॲप्रन (इंजिनच्या दोन्ही बाजूंचा आतला पत्रा), शॉकॲब्सॉर्बरचे टॉवर, पिलर (छत पेलणारे खांब), फ्लोअर आणि मागचे क्वार्टर पॅनल (मागच्या चाकावरचा बाजूचा पत्रा) मात्र वेल्डचे. घ्यायची की सोडायची, हा निम्मा निर्णय इथेच होतो. दोन दरवाजे आत गेलेली गाडी भीषण दिसते, पण पिलर आणि खालचा सिल (दरवाज्याखालची पट्टी) शाबूत असेल तर काम सरळ असतं. उलट पुढे नुसता चरा दिसणाऱ्या गाडीची रेल वाकलेली असू शकते. प्लास्टिकचा बंपर धक्का खाऊन पुन्हा आकारात येतो, त्यामागचा पत्रा येत नाही.

बोनेट उघडून सुरुवात करा. फेंडर आणि बिजागऱ्यांच्या बोल्टचे कोपरे बघा. बऱ्याच गाड्यांत बोल्ट कसल्यावर बॉडीला रंग लागतो, त्यामुळे बोल्टच्या डोक्यावरही रंग सलग असतो. कोपऱ्यांवर रंग उडाला असेल तर तिथे पाना लागलाय. मग ॲप्रनच्या कडेने बोट फिरवा. कारखान्यातले स्पॉट वेल्ड गोल, किंचित खोलगट आणि ठराविक अंतरावर असतात. तिथे सपाट घासलेल्या ग्राइंडरच्या खुणा किंवा ओबडधोबड फासलेला सीलर दिसला, तर पत्रा कापून जोडलाय असं धरा. काचांच्या कोपऱ्यातले उत्पादनाचे कोडही जुळवून पाहा. एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर ती का बदलली ते विचारा.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर फार उत्तम. मूळ रंग साधारण 80 ते 160 मायक्रॉन भरतो. 250-300 म्हणजे पुन्हा रंगवलंय आणि 1000 च्या वर म्हणजे खाली लांबी भरलीय. लोहचुंबकाने चाचपता येतं, पण ॲल्युमिनियमच्या बोनेटला किंवा प्लास्टिकच्या फेंडरला तो चिकटणारच नाही, हे लक्षात ठेवा.

चेसिस ओढून सरळ करता येते; मूळ मापापासूनचा फरक साधारण 3 मिलिमीटरच्या आत यायला हवा. मात्र कुठला पत्रा ओढला, हे महत्त्वाचं. आजच्या बऱ्याच गाड्यांच्या मधल्या पिलरमध्ये अतिकठीण बोरॉन स्टील असतं. ते तापवून सरळ केलं की त्याची ताकद जाते, वरून रंग मारल्यावर कळतही नाही. तसा पिलर बदलायचाच असतो. पिलर ठोकून सरळ केलेली गाडी मी कुणालाही सुचवणार नाही, किंमत कितीही कमी असो.

चाकांच्या अलाइनमेंटचा कागद नक्की मागा आणि त्यात फक्त टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर किती वळलीत) बघून थांबू नका. कॅम्बर (चाकाचा उभा कल) दोन्ही बाजूंना वेगळा असेल तर त्यात स्टिअरिंग अक्षाचा, म्हणजे चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा, कल मिळवा. बेरीज दोन्हीकडे सारखी आली तर चाकाचे भाग बहुधा ठीक आहेत, पण टॉवर किंवा सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन धरणारी खालची चौकट) सरकलीय. बेरीजच वेगळी आली तर नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) किंवा स्ट्रट (शॉकॲब्सॉर्बरचा खांब) वाकलाय. दुसरं काम पहिल्यापेक्षा कितीतरी सोपं.

आता एअरबॅग. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही, किंवा तेलाच्या दिव्याबरोबर जुळ्यासारखा विझला, तर कुणीतरी वायरिंगशी खेळलंय. बॅग उघडल्या असतील तर हिशोबात फक्त बॅग धरू नका. कंट्रोल मॉड्यूल, सेन्सर, प्रीटेन्शनर (धडकेत पट्टा आवळणारी यंत्रणा) असलेले सीटबेल्ट आणि बऱ्याचदा अख्खा डॅशबोर्ड लागतो.

पुराच्या गाडीला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहते, कारण तिथवर धुवायला सहसा कुणी जात नाही. कार्पेटखालचा फोम, सीटच्या रुळांचा गंज आणि कनेक्टरमधली हिरवी बुरशीसारखी झाक बघा. इंजिनमध्ये पाणी गेल्याची शंका असेल तर सेल्फ मारू देऊ नका. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी स्पार्क प्लग किंवा इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवायला सांगा.

समोरून ठोकलेल्या गाडीत रेडिएटर फुटल्यावर ती किती अंतर चालवली, हे विचारा. तापलेल्या इंजिनचं हेड गॅसकेट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधलं सील) जातं. चालू इंजिनला कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील, किंवा कॉम्प्रेशन चाचणीत सिलिंडरमध्ये 10 टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर हेड उघडायचा खर्च धराच.

आता पैशाचं बघा. त्याच वर्षाच्या, तेवढ्याच चाललेल्या धडधाकट गाडीची किंमत 100 धरा. ठोकलेली 45 ला मिळतेय, दुरुस्तीचा अंदाज 30. बाहेरून केलेला अंदाज भाग खोलल्यावर वाढतो, म्हणून त्यावर निदान 30 टक्के, म्हणजे 9. वाहून आणणं, कागदपत्रं, टायर, बॅटरी मिळून 6. झाले 90. दुरुस्त झाली तरी अपघाताची नोंद असलेली गाडी विकताना 100 मिळणार नाहीत. 80 मिळाले तर 10 चा तोटा, शिवाय महिनाभर गाडी गॅरेजात. हाच सौदा 30 ला ठरला तर मात्र विचार करण्यासारखा आहे.

बयाणा देण्याआधी तीन गोष्टी लेखी हातात घ्या: विमा कंपनीने गाडी टोटल लॉस (दुरुस्ती परवडणार नाही अशी) ठरवली होती का याची नोंद, दुरुस्तीनंतर पूर्ण विमा मिळेल का याचं उत्तर, आणि हेडलाइट, रेडिएटर, कंडेन्सर, एअरबॅग मॉड्यूल यांचे भाव. हेडलाइटचा भाव सगळ्यात आधी काढा. नव्या एलईडी दिव्यांचं बहुधा अख्खं युनिटच बदलावं लागतं, आणि कित्येकदा तेवढ्यानेच हिशोब उलटतो.