तुम्ही विचारलंत म्हणून: साइटसाठी प्रोग्रामिंगची भाषा कोणती घ्यावी?

बोलीतल्या शब्दांचा संग्रह, वाचनालयाची यादी, किल्ल्यांच्या नोंदी असं काही वेबवर आणू पाहणारी स्वयंसेवी मंडळी मला हटकून विचारतात, "पीएचपी घेऊ, पायथन घेऊ की जावास्क्रिप्ट?" मी उलट विचारतो: आज कोड लिहिणारा उद्या नोकरीसाठी बंगळुरूला गेला, तर त्याच्यामागे तो कोड कोण बघणार? त्या माणसाला येते ती भाषा घ्या.

तरुण मंडळी यावर हिरमुसतात. फुकट राबायचं तर निदान नवं काही शिकू, ही त्यांची हौस रास्तच आहे. पण विकिपीडियाचं बघा. जानेवारी २००१ मध्ये तो पर्ल या भाषेत लिहिलेल्या यूजमॉडविकी या विकी चालवणाऱ्या प्रोग्रामवर सुरू झाला. पानं साध्या फायलींत साठवलेली. लेख वाढले तसा भार पेलेना. तेव्हा माग्नुस मान्स्के या जर्मनीतल्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने पीएचपी आणि मायएसक्यूएल (माहिती साठवणारा डेटाबेस) वापरून नवा प्रोग्राम लिहिला. जानेवारी २००२ मध्ये इंग्रजी विकिपीडिया त्यावर गेला. काही महिन्यांत तोही धापा टाकू लागला, म्हणून त्याच वर्षी ली डॅनियल क्रॉकर यांनी सगळं पुन्हा लिहिलं, आणि तेही पीएचपीतच. आज विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी त्यातूनच वाढलं. पीएचपीला जाणकारांनी भरपूर नावं ठेवली, आणि ती बरीचशी खरीही होती. पण स्वस्तातल्या होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायला भाड्याने घेतलेल्या जागेवर, फाइल चढवली की पान दिसायचं. नवख्याला आणखी काय हवं?

वेगाची काळजी तर सोडाच. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशाची साइट रुबी ऑन रेल्सवर, म्हणजे रुबी भाषेतल्या साइट बांधायच्या तयार सांगाड्यावर, चालते. नकाशाचा कच्चा डेटा पुरवण्याचं जड काम तेवढं सी प्लस प्लस या वेगवान भाषेतल्या वेगळ्या प्रोग्रामकडे दिलंय. अडलं तेवढंच बदललं. वाचनालयाच्या यादीवर ती वेळ येणार नाही.

आपली खरी डोकेदुखी वेगळीच. पीएचपीच्या साध्या फंक्शनला 'मराठी'ची लांबी विचारली तर ते १५ सांगतं, कारण ते अक्षरं नाही, बाइट (साठवणुकीचं एकक) मोजतं. पायथन ५ सांगतो, कारण तो काना आणि वेलांटीही सुटी धरतो. आपल्या लेखी अक्षरं ३! अकारविल्हे लावतानाही तेच. युनिकोडच्या, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या, तक्त्यात ळ हा व च्या आधी येतो, म्हणून 'काळा' आधी आणि 'कावळा' नंतर लागतो. मराठी कोशात ळ ह नंतर, म्हणजे क्रम बरोबर उलटा. मराठी क्रम लावून देणारी आयसीयू ही लायब्ररी (तयार कोडचा संच) पीएचपीतून वापरता येते, पायथनमधूनही. भाषा कुठलीही निवडा, हे काम चुकत नाही.

तर आता तुमच्या गटातली दोन नावं सांगा: एक आज लिहिणाऱ्याचं, दुसरं तो नसताना सर्व्हर (साइट चालवणारा संगणक) बघणाऱ्याचं. दुसरं नाव सुचत नसेल तर सरळ वर्डप्रेस हे साइट बनवायचं तयार साधन घ्या, आणि तो वेळ नोंदी तपासायला द्या.