असिस्टंट म्हणून स्टुडिओत लागताना

रेकॉर्डिंग इंजिनिअर व्हायचं म्हटलं की डोळ्यांसमोर मोठा कन्सोल येतो. स्टुडिओत लागल्यावर मात्र सुरुवातीला हातात येतात केबल, स्टँड आणि हेडफोन. ही कामं जीव ओतून शिका, कारण सेशन बहुतेक वेळा इथेच बिघडतं.

केबल हात-कोपराभोवती गुंडाळू नका. आतल्या तारांना पीळ बसतो आणि त्या हळूहळू तुटतात. एक वेढा सरळ, पुढचा उलटा, असे घ्या. मग सोडताना गाठ पडत नाही. सोल्डरिंगही यायलाच हवं. एक्सएलआरमध्ये, म्हणजे माइकच्या केबलच्या तीन पिनांच्या कनेक्टरमध्ये, पिन १ शील्ड (बाहेरचं जाळीचं आवरण), २ हॉट (सुलट सिग्नल), ३ कोल्ड (तोच सिग्नल उलटा). एकाच टोकाला २ आणि ३ ची अदलाबदल झाली तरी आवाज येतो, म्हणून चूक कळत नाही. पण पोलॅरिटी, म्हणजे सिग्नलची अधिक-उणे दिशा, उलटलेली असते, आणि एकाच वाद्याला लावलेले दोन माइक एकत्र केले की बास गळून पडतो. ईक्यू (बास-ट्रेबल कमीजास्त करणारी बटणं) फिरवण्याआधी पोलॅरिटीचं बटण दाबून ऐका.

फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच माइकला जाणारे ४८ व्होल्ट, देताना चॅनल म्यूट हवा. रिबन माइक (आत धातूची पातळ पट्टी असलेला) असेल तर आधी इंजिनिअरला विचारा. खराब केबलवर ४८ व्होल्ट गेले तर ती पट्टी ताणली जाऊ शकते.

लेव्हल लावताना गायकाकडून सर्वांत जोरकस ओळ गाऊन घ्या आणि २४ बिट रेकॉर्डिंगला पीक उणे १० डीबीएफएसच्या आसपास ठेवा (शून्य डीबीएफएस ही डिजिटलची कमाल मर्यादा). खऱ्या टेकला गळा मोकळा सुटतो, तेव्हा वरची ती मोकळी जागा लागतेच.

गायक सुरातून घसरतोय? आधी त्याचा हेडफोन स्वतःच्या कानाला लावा. ट्रॅक मोठा असेल तर तो ताणून गातो, स्वतःचाच आवाज मोठा असेल तर दबून. बफरही बघा, म्हणजे कॉम्प्युटर आवाजाचे किती सॅम्पल एका वेळी साठवून पुढे पाठवतो ते. ४८ किलोहर्ट्झला ५१२ सॅम्पल म्हणजे एका बाजूचेच जवळपास ११ मिलिसेकंद, जाऊन-येऊन २० च्या वर. गायकाला त्याचा आवाज सॉफ्टवेअरमधून ऐकवला जात असेल तर एवढ्या उशिरात तालावर गाणं अवघड! रेकॉर्डिंगला ६४ किंवा १२८ ठेवा, मिक्सला वाढवा.

रेकॉर्ड दाबण्यापूर्वी ट्रॅकला नाव द्या; बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये फाइलला तेच नाव लागतं. सेशन संपल्यावर दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी घ्या, मूळ ड्राइव्ह काढून ठेवा आणि ती कॉपी उघडून वाजवा. बाहेरून आणलेला एखादा ट्रॅक मूळ फोल्डरमध्येच राहून कॉपीत आला नसेल, तर ते तेव्हाच कळतं.