क्रॅपीचं ट्रोलिंग: होडी दारात, कागद अडकलेले

वर्ष होत आलं तरी त्या एका अक्षराचा राग गेलेला नाही, म्हणून आधी तेच लिहितो. अमेरिकेत वापरलेली होडी घेणार असाल, तर पैसे मोजण्याआधी तिच्या मागच्या आडव्या फळीच्या उजव्या कोपऱ्याशी वाका आणि तिथला हल नंबर, म्हणजे होडीच्या अंगावर कोरलेला तिचा ओळख-क्रमांक, स्वतः उतरवून घ्या. विकणाऱ्याच्या कागदावर विसंबू नका. मी विसंबलो, आणि मार्च, एप्रिल, मे हातचे गेले.

होडी घेतली ती क्रॅपीसाठीच, म्हणजे इथल्या गोड्या पाण्यातल्या एका माशासाठी. लहानपणी सांगलीला कृष्णेच्या काठी वडिलांबरोबर गळ टाकून तासन् तास बसायचो. इथे शेजारच्या काकांनी एकदा त्यांच्या होडीतून नेलं आणि ट्रोलिंग दाखवलं. होडी संथ चालत राहते, सहा-आठ गळ पाण्यातून ओढले जातात, म्हणजे माशाची वाट बघायची नाही, त्याला शोधत जायचं. मी त्या दिवसापासून झपाटलोच. आमच्या घरापासून उत्तर मिसिसिपीतले सार्डिस, एनिड, ग्रेनाडा हे जलाशय सकाळी निघून गाठता येतात. बांधले पूर अडवायला, पण क्रॅपीवाल्यांची ती पंढरी आहे. पांढऱ्या क्रॅपीचा ५ पौंड ३ औंसांचा जागतिक विक्रम १९५७ साली एनिडलाच झाला.

परराज्याचं मासेमारीचं लायसन्स घरबसल्या दहा मिनिटांत मिळालं. ट्रेलर, विमा, लाइफ जॅकेटं, सगळं आठवड्यात झालं. अडलं ते आमच्या राज्याच्या होडी-नोंदणीच्या ऑफिसात.

फेब्रुवारीत अर्ज दिला. तीन आठवड्यांनी परत आला: हल नंबर जुन्या नोंदीशी जुळत नाही. विक्रीच्या कागदावरून मी जसाच्या तसा उतरवला होता, म्हणून तोच नंबर पुन्हा नीट टाइप करून पाठवला. पुन्हा तीन आठवडे, पुन्हा तेच पत्र, अक्षरही बदललेलं नाही. फोन केला की पाऊण तास संगीत ऐकायचं आणि मग ‘अर्ज दुरुस्त करून पाठवा’. काय दुरुस्त करायचं, ते कोणी सांगेना. कुठलं अक्षर जुळत नाही एवढं विचारलं, तर ते आम्हाला सांगता येत नाही, असं उत्तर. एप्रिलमध्ये रजा काढून स्वतः गेलो. खिडकीतल्या बाई सौजन्याने बोलल्या, पण त्यांनीही तोच फॉर्म पुढे केला. होडी दारात ताडपत्रीखाली, आणि तिकडे पाणी साठ-पासष्ट फॅरनहाइटला आलेलं, म्हणजे क्रॅपी अंडी घालायला उथळ पाण्यात. वर्षातले सगळ्यात चांगले दिवस ते. शेजारचे काका रोज संध्याकाळी फोटो पाठवायचे. मला ते उघडवत नसत.

शेवटी मे महिन्यात बॅटरी घेऊन होडीमागे बसलो. नंबर रंगाखाली दबलेला. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासली, तेव्हा बारा अक्षरं उमटली. पहिली तीन बनवणाऱ्याची, पुढची पाच त्या होडीची, शेवटची चार तारीख आणि मॉडेल-वर्षाची. मधल्या पाचांतलं एक विकणाऱ्याने ‘ओ’ म्हणून लिहिलं होतं. ते शून्य होतं. नियमच असा आहे की त्या पाच जागांत आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरायचीच नाहीत, नेमका हा घोळ टळावा म्हणून. रोज असले नंबर हाताळणाऱ्या ऑफिसात हे एकालाही दिसू नये, याचं मला आजही वाईट वाटतं. विकणाऱ्याकडून नवीन कागद लिहून घेतला, सोबत ती पेन्सिलची छाप आणि फोटो जोडला. नोंदणी जूनच्या अखेरीस आली.

नोंदणीचे नंबर होडीच्या नाकाशी दोन्ही बाजूंना लावायचे, निदान तीन इंच उंच, उठून दिसणाऱ्या रंगात, आणि अक्षरं-आकडे यांमध्ये जागा सोडून. मी आधी सलग चिकटवले होते, सोलून परत लावले.

वसंतात पुढच्या बाजूला लांब काठ्या पंख्यासारख्या लावून ताशी अर्ध्या मैलाने सरकायचं, ते राहूनच गेलं. जुलैत क्रॅपी खोल गेलेली असते. तेव्हा क्रँकबेट, म्हणजे पाणी कापत खाली जाणारे नकली मासे, मागून ओढायचे. आम्ही सार्डिसला ताशी दीड मैलावर सुरुवात केली, दोन तास काही नाही. मग काकांनी होडी हळूच डावीकडे वळवली आणि उजवीकडच्या दोन काठ्या एकदम वाकल्या. वळणावर बाहेरच्या बाजूचे गळ जोरात जातात, आतले मंदावतात. बाहेरचे वाकले म्हणजे माशांना वेग हवा होता. पावणेदोन केला आणि पुढचा तासभर हात रिकामे राहिले नाहीत. वेग जीपीएसवरच बघा, वाऱ्यात अंदाज चुकतो.

मासा लागला की काठीला हिसका देऊ नका. क्रॅपीचं तोंड कागदासारखं पातळ, गळ फाडून निघतो. दोर सैल न सोडता गुंडाळायचं आणि खालून जाळी. होडी थांबवायची नाही, नाहीतर बाकीचे दोर एकमेकांत गुंततात. माझा पहिला मासा मी थांबून घालवला. दोर किती सोडलाय ते मोजणारी रीळ घ्या, मासा लागला तेवढाच दोर पुन्हा सोडता येतो. किती मासे न्यायचे, किती इंचांचे, किती काठ्या चालतात, हे जलाशयागणिक वेगळं आणि बदलतं, निघायच्या आदल्या दिवशी बघून घ्या.

त्या दिवशी अकरा मासे घरी आले. बायकोने हळद, तिखट, आगळ लावून रव्यात घोळवून तव्यावर भाजले. काकांनाही जेवायला बोलावलं होतं, त्यांनी चौथा तुकडा मागून घेतला.

पेन्सिलची ती छाप मी अजून प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळांच्या डब्यात ठेवली आहे. नूतनीकरणाच्या वेळी सोबत नेणार आहे.